तेविसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत

मित्रांनो, आधीच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे शुद्धलेखनाचे मार्क कापू नका!

मी सणसवाडीचा. पुणे-नगर रस्त्यावरचं आमचं गाव म्हणजे कंपन्या, कंटेनर आणि तीन शिफ्ट. गेल्या सुट्टीत गावातल्या भजनी मंडळात पखवाज शिकायला बसलो. शेजारी पाचवीतली पोरं. त्यांचा ‘धा’ घुमायचा, माझा म्हणजे मेसच्या टेबलावर थाप मारल्यासारखा. पोरं फिदीफिदी हसायची. चौथ्या दिवशी ठरवलं, बास झालं. त्याच रात्री जॉर्ज हॅरिसनबद्दल वाचलं.

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ चा, लिव्हरपूलचा. वडील बस कंडक्टर. अभ्यासात डब्बा गुल! शाळा सुटल्यावर एका मोठ्या दुकानात इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागला, म्हणजे आपल्याच लाइनचा. पण १९५८ पासून तो जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीबरोबर गिटार वाजवत होता. पुढे रिंगो स्टार आला आणि बीटल्सनी जग डोक्यावर घेतलं.

ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचा शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्यानंतर जॉर्जने काय करावं? सप्टेंबरमध्ये तो मुंबईत आला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. ओळखू येऊ नये म्हणून मिशा वाढवल्या होत्या, तरी ताज हॉटेलबाहेर गर्दी जमलीच. शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला गेले. सारं जग ज्याच्या गिटारवर नाचत होतं, तो तेविसाव्या वर्षी जमिनीवर बसून सा-रे-ग-म घोटत होता. बसून बसून पाय दुखायचे, म्हणून योगासनंही करायचा.

परत गेल्यावर बीटल्सनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ रेकॉर्ड केलं. याला सायकेडेलिक पॉप म्हणतात, म्हणजे स्वप्नात ऐकू यावं तसं गाणं. इंजिनिअर मंडळींनी हे नीट वाचा! दोन टेक, दोघांची लय वेगळी, पट्टी वेगळी. टेपचा वेग कमी-जास्त करून ते जुळवले आणि जोडले. आणि मध्येच जो झंकार ऐकू येतो ते आपलं स्वरमंडळ, किशोरीताई आमोणकर गाताना मांडीवर घ्यायच्या तेच. वाजवणारा जॉर्ज. फेब्रुवारी १९६७ मध्ये ही रेकॉर्ड आली. तिच्या जोडीचं ‘पेनी लेन’ अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन काम केलं. त्यातलं ‘द इनर लाइट’ बीटल्सच्या रेकॉर्डवर आलं. त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे आणि, सांगायला आनंद होतो, पखवाजही आहे!

आता खरी गोष्ट. जॉर्ज मोठा सतारिया झाला नाही. आपण फार उशिरा सुरुवात केली हे त्याला त्याच वर्षी कळलं आणि तो गिटारकडे वळला. मग सगळं फुकट गेलं का? अजिबात नाही. पुढे त्याच्या गिटारमध्ये मींड आली. गुरूही सुटले नाहीत. रविशंकरांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी शब्द टाकला, तेव्हा १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये त्याने मित्रांना गोळा करून एका दिवसात दोन कार्यक्रम केले. १९९७ मध्ये रविशंकरांचा ‘चँट्स ऑफ इंडिया’ हा अल्बम त्यानेच तयार केला. २९ नोव्हेंबर २००१ ला कॅन्सरने तो गेला, वय ५८.

मला वाटायचं, एक नंबर येणार नसेल तर शिकायचंच कशाला? आपल्या कॉलेजात तर हे सगळ्यांनाच वाटतं. जॉर्जला मात्र पहिला नंबर मिळालेला होता, तरी तो खाली येऊन बसला.

पाचव्या दिवशी मी परत गेलो. पोरं अजून हसतात. परवा मात्र एकाने माझा हात धरून, कुठे मारायचं ते दाखवलं. ‘धा’ थोडासा घुमला.