अनुवंशशास्त्राचे जनक ग्रेगोर मेंडेल

मृगाचा पाऊस पडू लागला म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या पेरणीची एकच धांदल उडते. वणी, दारव्हा, पुसद, पांढरकवडा, कोठेही जा. शेतकरी दुकानातून संकरित सरकीची नवी पाकिटे आणताना दिसेल. गतवर्षी त्याच्याच शेतात उत्तम कापूस झाला होता. मग त्याच कापसाची सरकी पुन्हा का पेरू नये, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. वडीलधारी मंडळी एवढेच सांगतात की, त्या सरकीपासून झाडे एकसारखी येत नाहीत. काही चांगली निघतात, काही हलकी. असे का व्हावे, हे कोडे उलगडण्याचा मार्ग ज्यांनी प्रथम दाखविला, त्या ग्रेगोर मेंडेल यांचे चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

मेंडेल यांचा जन्म सन 1822 च्या जुलै महिन्यात, त्या काळच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्त्सेन्डॉर्फ या लहानशा खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे पाळण्यातील नाव योहान. वडील अन्टोन हे साधे शेतकरी होते व आठवड्यातील तीन दिवस त्यांस जमीनदाराकडे वेठीस राबावे लागे. वडिलांच्या हाताखाली झाडांची कलमे करण्याचे व मधमाश्या पाळण्याचे शिक्षण योहान यांस लहानपणीच मिळाले. मुलगा बुद्धिमान आहे हे गावच्या शिक्षकांनी ओळखले आणि त्यास पुढील शिक्षणासाठी परगावी पाठविण्यात आले. परंतु घरची स्थिती हलाखीची. 1838 साली झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले व घरून येणारी मदत जवळजवळ बंद पडली. शिकवण्या करून, प्रसंगी अर्धपोटी राहून योहान शिकत राहिले. अखेर धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या धनातील काही भाग भावाच्या शिक्षणास दिला. मेंडेल हे उपकार कधीही विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणास त्यांनी साहाय्य केले व त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

1843 साली ते ब्रून (आजचे ब्रनो) येथील संत थॉमस यांच्या मठात दाखल झाले व ग्रेगोर हे नाव त्यांनी धारण केले. 1847 साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या शय्येपाशी जाऊन त्यांचे सांत्वन करण्याचे काम त्यांच्या कोमल मनास झेपेना. ते स्वतःच आजारी पडले. तेव्हा मठाधिपती नाप यांनी मोठ्या समजूतदारपणाने त्यांस शिक्षकाच्या कामावर पाठविले. ते उत्तम शिकवीत. तथापि 1850 साली शिक्षकाच्या परीक्षेस बसले असता ते अनुत्तीर्ण झाले. त्यानंतर दोन वर्षे व्हिएन्ना येथील विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. 1856 साली पुन्हा परीक्षेस बसले. याही वेळी यश आले नाही. ज्यांचे नाव आज प्रत्येक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, त्यांस शिक्षकाचे प्रमाणपत्र अखेरपर्यंत मिळाले नाही, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी व विशेषतः निकालाच्या दिवशी संतापणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच 1856 साली मठाच्या बागेतील एका चिंचोळ्या वाफ्यात त्यांनी वाटाण्यावरील प्रयोग आरंभिले. वाटाण्याचे फूल मिटलेले असतानाच त्यात स्वपरागण होते, म्हणून जात शुद्ध राहते. मेंडेल फूल उमलण्यापूर्वीच त्यातील पुंकेसर काढून टाकीत, दुसऱ्या जातीचा पराग त्यावर लावीत व फुलास पिशवी बांधीत. गोल दाणा व सुरकुतलेला दाणा, पिवळा व हिरवा, उंच वेल व ठेंगणा वेल, अशा सात लक्षणांच्या जोड्या त्यांनी निवडल्या. आठ वर्षे हे काम चालले आणि सुमारे 28,000 झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

त्यांस काय दिसले ते पाहू. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. परंतु हे दाणे पेरून दुसरी पिढी घेतली, तेव्हा 7,324 दाण्यांपैकी 5,474 गोल व 1,850 सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक हे प्रमाण. लोपलेले लक्षण नष्ट झाले नव्हते, ते दडून राहिले होते. यावरून मेंडेल यांनी असे अनुमान काढले की, प्रत्येक लक्षणासाठी झाडात दोन घटक असतात. एक मातेकडून आलेला, एक पित्याकडून. संततीस देताना दोहोंपैकी एकच दिला जातो. दोन निराळे घटक एकत्र आले तर एक प्रभावी ठरतो व दुसरा सुप्त राहतो. दोन्ही सुप्त घटक एकत्र आले तरच सुप्त लक्षण प्रकट होते. या घटकांस पुढे 1909 साली योहान्सेन या शास्त्रज्ञाने जे नाव दिले, त्यासच आपण मराठीत जनुक म्हणतो.

संकरित कपाशीचे कोडे येथे सुटते. पहिल्या पिढीची झाडे एकसारखी असतात. त्यांची सरकी पेरली की दडलेले घटक निरनिराळ्या जोड्यांनी बाहेर पडतात व शेतात भेसळ दिसू लागते. मात्र सर्वच लक्षणे एका जनुकावर अवलंबून नसतात. उंची, वर्ण यांसारखी लक्षणे अनेक जनुकांच्या मेळाने ठरतात व माती, पाणी, आहार यांचाही त्यांवर परिणाम होतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे.

1865 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मेंडेल यांनी आपला निबंध ब्रून येथील निसर्गशास्त्र मंडळापुढे वाचला व पुढील वर्षी तो छापला गेला. परंतु त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. 1868 साली ते मठाधिपती झाले व मठाच्या कारभारात गुंतले. मठांवरील कराविरुद्ध सरकारशी झगडण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. 6 जानेवारी 1884 रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे 1900 साली तीन देशांतील तीन वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच नियमांपाशी येऊन पोहोचले, तेव्हा जगास त्या निबंधाची आठवण झाली. कर्त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी बी रुजले!

आता पालकांस एक विनंती. वाटाण्याच्या या नियमाचा आपल्या घरांशी निकटचा संबंध आहे. विदर्भातील अनेक समाजांत, आपल्या जिल्ह्यातही, सिकलसेल नावाचा रक्ताचा रोग आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारखा आकार घेतात, सांध्यांत असह्य वेदना होतात व अंगातील रक्त कमी होते. एकच सदोष जनुक असलेला मनुष्य बहुधा निरोगी असतो. त्यास वाहक म्हणतात. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक शक्यता त्यास रोग होण्याची व चारांत दोन शक्यता ते वाहक होण्याची असते. तो स्पर्शाने होत नाही, कोणाच्या पापाने होत नाही, आणि दोष एकट्या मातेकडून कधीही येत नाही. दोहोंकडून घटक आल्यावाचून हा रोग होतच नाही. तरीही कित्येक घरांत आजारी मुलाच्या आईसच बोल लाविला जातो, हे दुःखद आहे. 2023 साली भारत सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आहे. विवाह ठरविण्यापूर्वी जशी पत्रिका पाहतात, तशी रक्ताची तपासणीही करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

विद्यार्थिमित्रहो, एक गरीब शेतकऱ्याचा मुलगा, बहिणीच्या त्यागावर शिकलेला, परीक्षेत दोनदा अपयश पावलेला, एका वाफ्यात आठ वर्षे दाणे मोजीत राहिला. त्याच्या हयातीत त्याची कोणी दखल घेतली नाही. परंतु आज आपल्या शेतातील सरकी व आपल्या घरातील मुलांचे आरोग्य यांवर त्याच मोजणीचा प्रकाश पडत आहे. काम लहान दिसले तरी ते चिकाटीने व प्रामाणिकपणे करावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.