स्वतः पूर्ण कधी न ऐकलेले संगीत

योहान सेबास्टियन बाखच्या ‘बी मायनर मास’चे नवे ध्वनिमुद्रण निघाले, की जाणकारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गायक किती? १९२९ साली अल्बर्ट कोट्सने लंडनमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात मोठा गायकवृंद होता. १९८२ साली जोशुआ रिफकिनच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक आवाजाला एकेकच गायक होता आणि वादाला तोंड फुटले. गंमत अशी, की कॅथलिक उपासनेतील लॅटिन प्रार्थनांची ही भव्य रचना खुद्द बाखच्या हयातीत संपूर्ण सादर झाल्याची नोंदच नाही!

बाख जन्मला १६८५ साली, जर्मनीतल्या आयझेनाख गावी. दहा वर्षांचा होईतो आई-वडील दोघेही गेले. थोरल्या भावाने त्याला सांभाळले. विसाव्या वर्षी थोर ऑर्गनवादक बुक्स्टेहूडला ऐकण्यासाठी हा तरुण सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत ल्युबेकला गेला. रजा चार आठवड्यांची; परतला चार महिन्यांनी. १७१७ साली वायमारची नोकरी सोडायचा हट्ट धरला, तर मालक असलेल्या ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कैदेत टाकले. १७२० साली राजाबरोबरच्या प्रवासाहून तो घरी आला, तेव्हा पत्नीचे दफनही उरकले होते. दोन्ही विवाहांतून झालेल्या वीस मुलांपैकी दहाच मोठी झाली.

१७२३ साली तो लाइपझिगला आला. नगरपरिषदेला खरे तर टेलेमान हवा होता, मग ग्राउपनर. ते मिळेनात, तेव्हा बाख! शाळेतली मुले शिकवायची आणि चर्चसाठी संगीत रचायचे, हे त्याचे काम. १७३० साली त्याने परिषदेला लांबलचक निवेदन दिले. एका आवाजाला निदान तीन, शक्यतो चार गायक हवेत. मुलांपैकी १७ कामाची, २० अजून कच्ची, १७ निरुपयोगी. आजचा वाद याच कागदाच्या अर्थावरून चालतो.

कंटाळून त्याने १७३३ साली ड्रेस्डेनच्या नव्या राजाला ‘मास’चे पहिले दोन भाग अर्पण केले आणि दरबारी पद मागितले. पद मिळायला तीन वर्षे लागली.

पुढे १७४८-४९मध्ये, दृष्टी मंदावत असताना, त्याने उरलेले भाग जोडून रचना पुरी केली. त्यासाठी आयुष्यभराच्या कामातले उत्तम ते निवडले. ख्रिस्ताच्या सुळावर जाण्याचा भाग तर १७१४ सालच्या रचनेतून घेतला. प्रोटेस्टंट लाइपझिगच्या उपासनेत एवढ्या मोठ्या लॅटिन ‘मास’ला जागा नव्हती. मग हा खटाटोप कोणासाठी? त्याचे उत्तर त्याने कुठेच लिहून ठेवलेले नाही. त्याच सुमारास, जून १७४९मध्ये, नगरपरिषदेने तो जिवंत असतानाच वारसदाराची परीक्षा घेतली! १७५०मध्ये डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, त्या बिघडल्या आणि २८ जुलैला बाख गेला.

हस्तलिखित मुलाकडे, कार्ल फिलिप एमानुएलकडे आले. त्याने १७८६ साली हॅम्बुर्गमध्ये त्यातला श्रद्धेचा भाग लोकांना ऐकवला. संपूर्ण रचना छापून व्हायला १८४५ उजाडले. २०१५ साली युनेस्कोने हे हस्तलिखित जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले.

नवे ध्वनिमुद्रण हाती आले, तर अखेरचा भाग जरूर ऐका. शब्द आहेत शांती मागणारे. पण संगीत तेच, जे आधी देवाचे आभार मानताना येऊन गेले आहे. इतके सोसलेल्या माणसाने शेवटचे मागणे मागितले, तेही आभाराच्याच सुरांत.