सोवळ्याहून थोर: कै. लक्ष्मीबाई टिळक

नाशिकाजवळ गोदातीरी जलालपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. ह्या गावी इ. स. १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक कन्या जन्मली. माहेरी तिला मनू म्हणत. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने सर्व महाराष्ट्रास परिचित झाली. तिच्या जन्मापूर्वी सुमारे दहा वर्षे, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत, तिच्या आईच्या वडिलांना सरकारने फाशी दिले होते. त्या आघाताने मनूच्या वडिलांच्या मनाचा तोल ढळला आणि त्यांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, ह्याच विवंचनेत त्यांचा दिवस जाई. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही असा त्यांचा दंडक होता आणि मिठासारख्या पदार्थाचीही त्यातून सुटका नसे. स्नाने करून त्यांचे समाधान होत नसे, आणि त्यांच्या धाकाने बायकामुलांचा जीव मेटाकुटीस येई.

वाचकहो, ह्या गृहस्थास हसणे सोपे आहे. पण तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. आपल्याला काही तरी मळ लागला आहे आणि तो निघालाच पाहिजे, ही त्याची तळमळ खरी होती. चूक एवढीच की, मळ बाहेरून येतो असे त्याने धरले. मोशेच्या नियमशास्त्रातही शुद्धाशुद्धतेचे पुष्कळ विधी आहेत. त्यांच्या योगे परमेश्वराने आपल्या लोकांस पवित्रतेची ओळख करून दिली. परंतु पुढे परूश्यांनी हात व भांडी धुण्यातच सारा धर्म आणून ठेवला, तेव्हा प्रभूने त्यांना समजाविले की, मनुष्यास विटाळविणारी वस्तू त्याच्या तोंडात जात नाही, ती त्याच्या अंतःकरणातून निघते. आरसा तोंडावरचा डाग दाखवितो, पण आरसा तोंडावर घासल्याने डाग जात नाही. नियमशास्त्राचेही तसेच आहे. ते पाप दाखविते. पाप धुऊन काढणारा निराळा आहे.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. टिळक कवी होते, विद्वान होते आणि मनाचे उदार होते. तसेच ते तापट होते, लहरी होते आणि पैशाच्या बाबतीत अगदी निष्काळजी होते. आज एका गावी तर उद्या दुसऱ्या, असा त्यांचा संसार चाले. लक्ष्मीबाईंना लिहिण्यावाचण्याची ओळख लग्नानंतर त्यांनीच करून दिली.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ते वाचीत वाचीत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवर प्रीती करा, दुसऱ्याचा न्याय करावयास बसू नका, स्वतःच्या डोळ्यातील मुसळ आधी काढा, अशा शिकवणीचा गुरू त्यांना पूर्वी भेटला नव्हता. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पत्नीला वज्राघातासारखी वाटली. नवरा जिवंत असून त्याच्याशी संबंध तुटला, लहान मुलगा पदरी राहिला आणि ज्या जातीच्या नियमांत त्यांचे सर्व आयुष्य बांधलेले होते, ते नियम आता त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. ह्या दिवसांत त्यांच्या हिंदू आप्तांनी त्यांना आसरा दिला व त्यांची काळजी वाहिली, हे आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. लोकापवाद सोसूनही मायेस न सोडणारी माणसे सर्व समाजांत असतात. प्रभूनेही शेजारी कोण हे सांगताना शोमरोन्याचेच उदाहरण घेतले नाही काय?

सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे येऊन राहिल्या. त्यांनी आपला धर्म सोडला नव्हता. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती मंडळीच्या मध्यभागी त्यांनी आपले सोवळे मांडले. टिळकांसारखा तापट पुरुष ह्या गोष्टीवर रागावला असता तर कोणास नवल वाटले नसते. परंतु बाप्तिस्मा घे म्हणून त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. तिची चूल त्यांनी मोडली नाही. मन वळविणे हे देवाचे काम आहे असे समजून ते थांबले, आणि पूर्वी जिला शब्दाने पुष्कळ दुखविले होते, त्या पत्नीला आता आपल्या आचरणाने प्रभूची ओळख करून देऊ लागले.

ह्या धीराचे फळ आले. मनुष्यामनुष्यांमधील भेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात घोळू लागला. पाखरांत जाती असतात, जनावरांत असतात; पण माणूस तर सर्वत्र माणूसच दिसतो. असे असता एकाच्या हातचे पाणी चालावे आणि दुसऱ्याच्या हातचे चालू नये, हे काय? विचार करता करता त्यांची खात्री झाली आणि जातिभेदाची गाठ सुटली. कोणी बाहेरून ओढून ती सोडविली नव्हती. म्हणूनच ती पुन्हा बसली नाही. त्यानंतर, १९०० साली राहुरी येथे, त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या मुलीला लहानपणी सावलीचे भय शिकविले होते, तिच्या घरी पुढे नाना जातींची पोरकी व गरीब मुले एका पंक्तीस जेवू लागली. तारा नावाच्या मुलीला तर त्यांनी पोटच्या लेकीप्रमाणे वाढविले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस टिळक प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ज्यांना शाळा अशी कधी लाभली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेण्याचे मोठे काम अंगावर घेतले. शेवटची वर्षे त्यांनी नाशिकास काढली.

त्याच नाशिकात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि अस्पृश्य मानलेल्या हजारो लोकांनी देवळाच्या दारापाशी उभे राहून समाजाला जाब विचारला. जलालपूरच्या एका घरातले स्पर्शाचे भय हे एका माणसाचे वेड नव्हते, साऱ्या समाजाचा रोग होता, हे तेव्हा उघड झाले.

पुत्र देवदत्त ह्यांच्या आग्रहाने बाईंनी लिहिलेल्या आठवणी १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ह्या नावाने भागाभागांनी प्रसिद्ध झाल्या. ह्या ग्रंथात वडिलांचे सोवळे आहे, पतीचा राग आहे, आणि स्वतःचा हट्ट व अज्ञानही आहे. काहीच झाकलेले नाही. तरी सर्व ग्रंथात कोणाचा द्वेष नाही. ज्या पित्याने बाळपण कष्टी केले, त्याची हकीकत त्या हसत हसत सांगतात, आणि त्या हसण्यात विष नाही. १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

कोणी विचारील, न्याय करावयाचा नाही तर मग पापाला पाप म्हणावयाचे नाही काय? अवश्य म्हणावयाचे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूने दोषी ठरविले नाही, पण पुन्हा पाप करू नको असेही तिला बजाविले. मात्र तिच्यावर धोंडा उचलणाऱ्या हातांना आधी आपापल्या अंतःकरणात पाहावयास लावले. नियमशास्त्र त्याने मोडले नाही. प्रीती करणारा ते पूर्ण करितो, असे प्रेषित पौलानेही रोमकरांस लिहून कळविले आहे. लक्ष्मीबाईंनी वडिलांची चूक ही चूकच म्हटली, आणि त्यांना आपले वडीलही म्हटले.

आता आपल्या गावच्या मंडळीकडे पाहू. कोणाच्या घरी नवरा प्रभूचा झाला आहे आणि बायको अजून कुलदेवतेला नैवेद्य दाखविते. कोणी तरुण दारूत पडून दोनदा परत आला आणि तिसऱ्यांदा पडला. उपासनेनंतर ओट्यावर बसून आपण त्यांच्याविषयी काय बोलतो? आणि आपल्यातच पूर्वीच्या जातीप्रमाणे निराळे बसणारे, सोयरीक करताना जुनी जात हळूच विचारणारे, असे कोणी नाहीत काय? आपल्या घरात तुळस नसेल, सोवळे नेसून कोणी स्वयंपाक करीत नसेल, तरी जलालपूरच्या त्या भ्यालेल्या गृहस्थाप्रमाणे आपणही दुसऱ्याचा मळ धुण्यात दिवस घालवीत असू.

टिळकांनी पत्नीची वेगळी चूल सहन केली आणि वाट पाहिली. जिच्याविषयी आपण आशा सोडली आहे अशी एखादी बहीण, असा एखादा भाऊ ह्या आठवड्यात आपल्या दारी आला, तर त्याला आत बोलावून पाणी द्यावे. पुढचे काम प्रभूचे आहे.