पोटात बीजाणू, नावात पेर्सोन

पनवेल-कर्नाळ्याच्या बाजूला पावसाळ्यात हिंडताना गवतात किंवा कुजक्या लाकडालगत लहान चेंडूसारखी पांढरी अळंबी दिसू शकते. तिला छत्री नसते. पिकली की पावसाच्या थेंबाने तिच्या माथ्यावरच्या भोकातून धुरासारखी भुकटी उडते. ही भुकटी म्हणजे बीजाणू. असे पोटात बीजाणू झाकून ठेवणाऱ्या बुरशींचा वेगळा गट मांडणारा माणूस म्हणजे ख्रिस्तियान हेंड्रिक पेर्सोन.

त्याचा जन्म १७६१ चा, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपच्या डच वसाहतीत. आई तान्हेपणीच गेली. तेराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी शिकायला युरोपात धाडले आणि लवकरच तेही वारले. पेर्सोन आधी धर्मशास्त्र शिकला, मग वैद्यक. जीव मात्र जडला बुरशीवर. १८०१ मध्ये ग्योटिंगेनला त्याचा लॅटिन ग्रंथ निघाला. त्यात त्याने बुरशींचे दोन भाग केले: बीजाणू आत झाकणाऱ्या आणि उघड्यावर धरणाऱ्या. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याला पक्सिनिया ग्रॅमिनिस हे नावही त्यानेच दिले.

आत काय दडले आहे, हा प्रश्न ताटापर्यंत येतो. गोल अळंबी उभी चिरली असता आत छत्री आणि दांड्याची आकृती दिसली, तर ती अमानिताची न उमललेली कळी असू शकते. या गटातील काही अळंब्या यकृत निकामी करतात, आणि त्रास सुरू व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो; तोवर विष भिनलेले असते. आतला गर जांभळट-काळा असेल तर ती विषारी स्क्लेरोडर्मा असण्याची शक्यता मोठी. गर पांढराशुभ्र दिसला तरी जाणकाराने ओळखल्याशिवाय खाऊ नये. गंमत अशी, की अमानिता आणि स्क्लेरोडर्मा या दोन्ही प्रजातींच्या नावांपुढे आज पेर्सोनचेच नाव लागते. १८१८ मध्ये त्याने खाण्याजोग्या अळंब्यांवर फ्रेंचमध्ये पुस्तकही लिहिले.

तोवर तो पॅरिसला स्थायिक झाला होता. लग्न नाही, नोकरी नाही; गरीब वस्तीत, वरच्या मजल्यावर तो एकटाच राहायचा. युरोपभरचे अभ्यासक मात्र त्याला पत्रे आणि नमुने पाठवत. अखेर पोटासाठी त्याने आयुष्यभराचा नमुनासंग्रह डच सरकारला दिला आणि त्या बदल्यात तहहयात निवृत्तिवेतन घेतले. १८३६ मध्ये तो वारला.

बंद पोटाच्या या बुरशी एका कुळातल्या नाहीत, त्यांच्यात ही रचना वेगवेगळ्या वेळी घडली, असे आता डीएनएवरून दिसते. तरीही त्यांची नावे ठरवताना १९८१ पर्यंत पेर्सोनचा १८०१ चा ग्रंथच आरंभबिंदू मानला जाई. त्याने विकलेला संग्रह आजही नेदरलँड्समधील लायडेनला जपून ठेवला आहे.