शेवटची सही : सॅम्युएल मोर्स

हॅम रेडिओवर बोलणाऱ्याला एक नियम पाळावाच लागतो. आपण कोण बोलतोय, हे ठराविक वेळाने सांगायचं. अमेरिकेत तर गप्पा चालू असताना निदान दर १० मिनिटांनी आणि गप्पा संपताना आपला कॉलसाइन सांगणं सक्तीचं आहे. बोलण्याच्या नादात माणूस हे विसरतो, म्हणून त्यासाठी टायमर बनवतात. वेळ झाली की तो आपणहून मोर्समध्ये कॉलसाइन वाजवतो.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून हाच टायमर घेतला. आधी ५५५ वर करून बघितला. पण नऊ-दहा मिनिटांसाठी मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतो, त्याचा लीकेज करंट नडतो आणि वेळ रोज वेगळी येते. मग ४०६० या आयसीला घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लावला. १४ वेळा दोनाने भागून २ हर्ट्झ मिळाले. ते पुढे ४०४० मध्ये १०२४ ने भागले. बरोबर ५१२ सेकंदांनी, म्हणजे ८ मिनिटं ३२ सेकंदांनी पल्स येऊ लागला. त्यावर मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि कॉलसाइन वाजवतो. टिंब ८० मिलिसेकंदांचं आणि रेघ त्याच्या तिप्पट, २४० ची. हवेत सिग्नल सोडायला लायसन्स लागतं, म्हणून आम्ही फक्त बझरवर ऐकलं. पण ऐकलं!

सर्किट चाललं आणि भांडण सुरू झालं. रिपोर्टच्या कव्हरवर पहिलं नाव कोणाचं? यावरून खोलीत दोन दिवस अबोला होता. त्या दोन दिवसांत मी लायब्ररीत बसून, ज्याच्या नावाची ही लिपी आहे त्या माणसाविषयी वाचून काढलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

सॅम्युएल मोर्सचा जन्म २७ एप्रिल १७९१ चा, बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन गावचा. वडील धर्मोपदेशक आणि भूगोलाच्या पुस्तकांचे प्रसिद्ध लेखक. मुलगा येल कॉलेजात शिकला. तिथे विजेवरची लेक्चर्स त्याने आवडीने ऐकली, पण जीव अडकला होता चित्रांत. हस्तिदंतावर लोकांची छोटी चित्रं काढून तो खर्चाला हातभार लावायचा. १८१० मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो चित्रकला शिकायला लंडनला गेला. म्हणजे ज्याच्या नावाने आपण व्हायव्हात उत्तरं देतो, तो माणूस इंजिनिअर नव्हताच!

परत आल्यावर पोट भरण्यासाठी गावोगाव फिरून तो पोर्ट्रेट काढू लागला. १८१८ मध्ये ल्युक्रेशियाशी लग्न झालं. १८२५ च्या फेब्रुवारीत त्याला मोठं काम मिळालं. न्यूयॉर्क शहरासाठी सेनापती लाफायेत यांचं चित्र काढायचं होतं आणि त्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला. घर होतं न्यू हेवनला, सुमारे ५०० किलोमीटर लांब. तिथे नुकतीच बाळंतीण झालेली ल्युक्रेशिया ७ फेब्रुवारीला अचानक वारली. मोर्सला काहीच कळलं नाही. वडिलांचं पत्र यायला काही दिवस गेले. ते हातात पडताच तो निघाला, पण घरी पोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तिचं तोंडही त्याला दिसलं नाही.

या दुःखातूनच तारायंत्राची कल्पना सुचली असं बऱ्याच ठिकाणी लिहितात. तसं थेट म्हणता येत नाही, कारण मध्ये सात वर्षं गेली. पण बातमी उशिरा पोचणं म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१८३२ मध्ये युरोपातून सली नावाच्या जहाजाने परत येताना डॉ. चार्ल्स जॅक्सन या सहप्रवाशाशी जेवणाच्या टेबलावर विद्युतचुंबकाच्या गप्पा झाल्या. वीज तारेतून क्षणात पोचते, मग तिच्यातून निरोप का पाठवू नये? मोर्सने जहाजावरच वहीत आकृत्या काढल्या. आपणच हा विचार पहिल्यांदा केला अशी त्याची समजूत होती. युरोपात इतरही त्याच्या मागे होते, हे त्याला नंतर कळलं.

न्यूयॉर्कच्या विद्यापीठात तो कलेचा प्रोफेसर झाला. हातात पैसा नाही. पहिलं यंत्र त्याने कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर, जुन्या घड्याळाची चक्रं बसवून बनवलं. ते चालायचं, पण थोड्याशाच तारेपर्यंत. तार वाढवली की चुंबक ढिम्म! आपल्यातल्या कोणीही सेकंड इयरच्या मुलाने कारण सांगितलं असतं. त्याला ते सांगितलं लेनर्ड गेल या रसायनशास्त्राच्या प्रोफेसरने. गेलने जोसेफ हेन्रीचे प्रयोग वाचले होते. एक सेल काढून पुष्कळ सेल जोडा, आणि चुंबकावर दोन-चार वेढ्यांऐवजी भरपूर वेढे द्या. एवढं केल्यावर सिग्नल १० मैल तारेतून जाऊ लागला.

तिसरा माणूस आला सप्टेंबर १८३७ मध्ये. आल्फ्रेड व्हेल, वय २९, त्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. वडिलांचा न्यू जर्सीत लोखंडाचा कारखाना होता. प्रात्यक्षिक बघून तो भारावून गेला. करार झाला. व्हेलने पदरच्या पैशाने यंत्रं बनवायची, बदल्यात त्याला हिस्सा, पण पेटंट मात्र मोर्सच्या नावावर. चौकटीवरचं ते धेडगुजरी यंत्र व्हेलच्या हातून सुबक झालं.

मोर्सची मूळ योजना आकड्यांची होती. प्रत्येक शब्दाला एक नंबर आणि समोर जाडजूड कोश. १८३८ मध्ये तिची जागा अक्षरांनी घेतली. इंग्रजीत जे अक्षर जास्त वेळा येतं, त्याची खूण छोटी. म्हणून ई म्हणजे एकच टिंब आणि टी म्हणजे एकच रेघ. ही युक्ती मोर्सची की व्हेलची, यावर आजही वाद आहे. नाव मात्र एकाचंच लागलं.

पैसे मिळायला आणखी पाच वर्षं लागली. १८४३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ३०,००० डॉलर मंजूर केले. प्रतिनिधीगृहात ८९ विरुद्ध ८३ अशी मतं पडली आणि ७० जणांनी मतच दिलं नाही. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार आधी जमिनीखालून पाइपातून टाकायला घेतली. इन्शुलेशन निकामी निघालं आणि बराचसा पैसा मातीत गेला. शेवटी खांब रोवून तार वरून नेली. २४ मे १८४४ रोजी मोर्सने वॉशिंग्टनहून बायबलमधली एक ओळ पाठवली. बाल्टिमोरला ती घेणारा आणि परत पाठवणारा होता व्हेल.

यश आलं आणि त्याबरोबर कोर्टकचेऱ्याही आल्या. १८५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट मान्य केलं. पण विजेने दूरवर अक्षरं उमटवण्याच्या सगळ्याच पद्धती आपल्या, हा त्याचा दावा फेटाळला. पुढच्या वर्षी त्याने जोसेफ हेन्रीविरुद्ध लेख छापला. ज्याच्या वेढ्यांवर यंत्र उभं राहिलं, त्यालाच श्रेय नाकारलं! व्हेल १८४८ मध्येच हे काम सोडून गेला होता. हाती फारसं काही न लागता १८५९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी तो वारला. मोर्सचे राजकीय विचारही आपल्याला पटणारे नाहीत. तो स्थलांतरितांच्या विरोधात होता आणि गुलामगिरीचं त्याने उघड समर्थन केलं. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना हे गाळून चालणार नाही.

१० जून १८७१. तार ऑपरेटरांनी वर्गणी काढून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मोर्सचा पुतळा उभारला. रात्री समारंभ होता. एका ऑपरेटरने देशभरच्या तार कचेऱ्यांना त्याचा निरोपाचा संदेश पाठवला. मग ८० वर्षांचा मोर्स स्वतः कीपाशी बसला आणि त्याने फक्त आपलं नाव वाजवलं. पुढच्या वर्षी २ एप्रिल १८७२ रोजी तो गेला.

आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घरी आजीला विचारा, तार आली म्हटलं की उघडण्याआधीच पोटात गोळा यायचा. पण ज्या बातमीला मोर्सच्या वेळी दिवसच्या दिवस लागले, ती काही तासांत पोचायची. माणसाला निदान शेवटचं दर्शन मिळायचं.

मोर्सच्या त्या शेवटच्या सहीत व्हेल नव्हता, गेल नव्हता, हेन्रीही नव्हता. हे वाचून मी खोलीवर आलो आणि ग्रुपला सगळं सांगितलं. आता आमच्या रिपोर्टच्या कव्हरवर चौघांची नावं आडनावाच्या क्रमाने आहेत. आतल्या पहिल्या पानावर तक्ता आहे : क्रिस्टलची कल्पना कोणाची, पीसीबी कोणी केला, प्रोग्रॅम कोणाचा, आणि ५५५ वाल्या सर्किटमधली चूक कोणी शोधली. ती शोधली होती आमच्या लॅब असिस्टंट काकांनी. तक्त्यात त्यांचंही नाव आहे.