कमल रणदिवे आणि पेशींचा ब्रेक

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलवर एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचं डूडल आलं होतं, आठवतंय? त्या डॉ. कमल रणदिवे.

माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. कमलताई मात्र वनस्पतींच्या पेशींकडे वळल्या. १९३९ ला लग्न झालं, मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये नोकरी करत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ ला पीएचडी मिळवली.

मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र तिथे शिकल्या. परतल्यावर परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा टेस्ट सर्व्हर. पेशंटला धक्का न लावता एक गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ ला पद्मभूषण मिळालं, २००१ ला त्या गेल्या.

या तंत्राने पुढे काय साधलं? १९९० साली त्याच जॉन्स हॉपकिन्समधल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींत पी५३ या जीनची चांगली प्रत घातली. पेशींची वाढ रोखली गेली! असे जीन म्हणजे पेशींचे ब्रेक. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. सायकलसारखंच, एक ब्रेक गेला तरी दुसरा सांभाळतो. सहसा दोन्ही गेले की गाडी सुटते. आतड्यात बहुधा आधी एपीसी नावाचा ब्रेक जातो आणि छोटी गाठ, म्हणजे पॉलिप, येते. पी५३ बऱ्याचदा नंतर जातो. मध्ये अनेक वर्षं असतात आणि तेवढ्यात दुर्बिणीने पॉलिप काढता येतो.

काही घरांत एपीसीची बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते. आमच्या शिरपूर जैनला अशा वेळी घराण्यातच आहे म्हणून विषय संपवतात, शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून गप्प बसतात. खरं तर घराण्यात असणं हा निकाल नाही, तपासणी लवकर सुरू करायची सूचना आहे.