कादंबरीकार सोसेकी

जपानची राजधानी तोक्यो हिला पूर्वी एदो म्हणत. तेथे ९ फेब्रुवारी १८६७ रोजी नात्सुमे घराण्यात किन्नोसुके याचा जन्म झाला. आईबापांचे वय झाले होते व घरात मुलेही पुष्कळ होती. त्यामुळे हे मूल नकोसे वाटून त्यांनी ते दत्तक दिले. पुढे दत्तक मातापित्यांत बेबनाव झाला आणि सुमारे नऊ वर्षांचा किन्नोसुके स्वगृही परतला. जन्मदात्यांना तो आजीआजोबाच समजे. एके रात्री मोलकरणीने त्याला खरे नाते हळूच सांगितले. त्याला अतिशय आनंद झाला. तो बातमीचा नव्हे, तिच्या मायेचा होता.

विद्यार्थिदशेत प्रसिद्ध हायकूकार मासाओका शिकी यांच्याशी त्याचा स्नेह जडला. याच काळात त्याने सोसेकी हे टोपणनाव घेतले. त्यामागे एक चिनी कथा आहे. दगडाची उशी करून झऱ्याच्या पाण्याने चूळ भरावी, असे एकाला म्हणावयाचे होते. पण तोंडून उलटेच निघाले. मित्र हसला, तरी चूक मान्य न करता तो म्हणाला, की दगड दात घासण्यास व झरा कान धुण्यास हवा! अशा हट्टी माणसाची आठवण देणारे हे नाव आहे.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर सोसेकींनी मात्सुयामा व कुमामोतो येथे अध्यापन केले. १९०० साली सरकारने त्यांना इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनला पाठविले. शिष्यवृत्ती अपुरी होती. पोटाला चिमटा घेऊन ते ग्रंथ विकत घेत व खोलीत एकटेच वाचीत बसत. एकांताने त्यांचे मन खचले. शिकींच्या निधनाची वार्ताही तेथेच कळली. परंतु याच कष्टमय दिवसांत त्यांना एक गोष्ट उमगली: पाश्चात्य पंडितांची मते उसनी घेऊन मिरवू नयेत, साहित्याचा विचार स्वतःच्या बुद्धीने करावा.

मायदेशी परतल्यावर ते तोक्योच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९०५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी होतोतोगिसु मासिकातून येऊ लागली. तिचा निवेदक आहे एक बिननावाचे मांजर! मालकाच्या घरातील विद्वानांच्या गप्पा ऐकून ते माणसांची थट्टा करते. पुढच्याच वर्षी 'बोच्चान' ही एका सरळमार्गी, तापट शिक्षकाची कथा निघाली.

१९०७ मध्ये सोसेकींनी मानाची नोकरी सोडली व आसाही या वृत्तपत्रासाठी कादंबऱ्या लिहिण्याचे पत्करले. लोक चकित झाले. १९११ साली सरकारने देऊ केलेली डॉक्टर ही पदवीही त्यांनी नाकारली. १९१४ च्या 'कोकोरो' कादंबरीत, मित्राशी केलेल्या कपटाचे शल्य जन्मभर उरी बाळगणाऱ्या एका एकाकी माणसाचे अंतःकरण त्यांनी उघडे केले.

पोटाच्या विकाराने ते वारंवार अंथरुणाला खिळत, तरी लेखणी थांबली नाही. 'मेइआन' कादंबरी अपुरी असतानाच ९ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८४ साली जपानने हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. जन्मघरी नकोसे झालेले ते मूल आता घरोघरी पोहोचले होते.